एदिल्मा ब्वेनास न म्हणता गेली

सकाळी सव्वानऊला कोटाच्या वेशीवरच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी थांबायचं असेल तर नेमकं कुठं थांबावं, हे एदिल्मा पालोमिनोला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. कमानीच्या डाव्या खांबाशी, भिंतीला पाठ लावून. पावणेदहाला ती सावली सरकते. मग समोरच्या औषधांच्या दुकानाच्या छज्ज्याखाली, तीही साडेदहापर्यंतच. कोणत्या गल्लीत किती वाजता कोणत्या हाताला सावली पडते, कुठला लाकडी सज्जा किती पावलं झाकतो, कुठल्या बोळातून समुद्राचा वारा येतो आणि कुठला बोळ नुसताच भट्टीसारखा तापतो, याचा सगळा हिशोब तिच्या डोक्यात. बाकीचे गाइड पाहुण्यांना तटबंदी दाखवतात, तोफा दाखवतात आणि अकरा वाजेपर्यंत त्यांचे उकडलेले बटाटे करून हॉटेलवर पोचवतात. एदिल्माचे पाहुणे साडेबारालाही हसत परततात आणि वर विचारतात, "एवढ्यात संपलं?"

ही विद्या तिला आईकडून मिळाली, पण उलटी. आई गेत्सेमानी या गरीब वस्तीत लोकांचे कपडे धुवायची. चादरी वाळायला ऊन लागतं आणि वाड्यातलं अंगण तर सात घरांत एक. त्यामुळं आई दिवसभर उन्हाच्या मागं दोरी घेऊन फिरायची. नऊ वर्षांची एदिल्मा इस्त्रीच्या घड्या डोक्यावर घेऊन कोटाच्या आतल्या मोठ्या घरांत पोचवायला जायची. चादरींना ऊन हवं आणि पोरीला सावली. जाता-येता ती सावली पाठ करत गेली. त्या घरांच्या पुढच्या दारांवर काय कोरलंय हे तिला पुष्कळ नंतर, गाइडच्या परीक्षेसाठी शिकावं लागलं. मागची दारं तिला आधीपासून ठाऊक होती.

परीक्षाही काही सरळ झाली नाही. एकोणतिसाव्या वर्षी, कडेवर दीड वर्षाची यार्लेदिस घेऊन तिनं संध्याकाळचे वर्ग केले. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा ओळखपत्र गळ्यात पडलं, तेव्हा गोळेवाल्या एलादियोनं अख्ख्या गल्लीला फुकट गोळे वाटले. नवरा विल्फ्रिदो मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. तो चार महिने समुद्रावर आणि महिनाभर घरी. म्हणजे पोरीला वाढवलं कुणी, तर एदिल्मानं आणि थोडं गल्लीनं.

तर त्या पोरीचा आज पहिला एकटीचा दिवस होता.

यार्लेदिस आता बावीस वर्षांची. आईसारखंच ओळखपत्र, आईपेक्षा चांगले गुण, आणि आईची नसलेली एक गोष्ट, शांतपणा. सान दिएगोतल्या लहानशा हॉटेलच्या ग्रिसेल्दाबाईंनी तिला सांगितलं होतं, "चिलीहून भाऊ-बहीण आलेत. दोघंही सत्तरीचे. बहीण गोड आहे. भाऊ निवृत्त तपासनीस आहे, त्याला सकाळपासून तीन गोष्टी आवडलेल्या नाहीत, त्यातली एक माझी कॉफी. हे दोघं खूश होऊन आले तर आठवड्याचे चार दिवस कायमचे तुझे."

आणि नाही झाले तर डोंगरातली थंड राजधानी, बोगोता. तिथं आत्याच्या ऑफिसात फोन घेण्याची नोकरी तयार होती. आत्यानं जाडजूड करडा लोकरीचा स्वेटरही विणून पाठवला होता. बाहेर चौतीस अंश आणि खोलीत खिळ्याला तो स्वेटर, जणू कुणी परका माणूस भिंतीला टेकून उभा आहे. जाता-येता एदिल्मा त्याच्याकडं पाठ करायची. पंख्याच्या वाऱ्यानं शिंकणारी ही पोर तिथल्या थंडीत कशी राहील? सकाळी तिला कोण उठवेल? ती जेवली की नाही हे कुणाच्या तोंडून कळेल? बोगोतात गल्ली नाही, नुसते पत्ते आहेत.

"आई, आज तू घरी बसायचं," यार्लेदिस बुटांची नाडी बांधत म्हणाली.

"मी काय म्हटलं का येते म्हणून?"

"तू म्हणत नाहीसच. तू येतेस. गेल्या गुरुवारी मला किती वेळा तोडलंस, माहितेय?"

"तोडलं नाही गं. भर घातली."

"अकरा वेळा. मी मोजलं. तटबंदीचं साल सांगताना तीनदा. शेवटी त्या बाई मला म्हणाल्या, 'तू पण पहिल्यांदाच आलीस का इथं?'"

एदिल्माला हसू आलं, पण पोरीचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"आज रस्त्यात कुठंही तुझा आवाज माझ्या कानावर आला ना," यार्लेदिस म्हणाली, "तर मी संध्याकाळच्या बसनं जाईन. खरंच जाईन, आई."

"नाही येणार आवाज. कान्देलारिया मातेची शपथ. तू परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. टोपी घेतलीस? पाणी? त्यांच्यासाठी जास्तीचं? आणि त्या म्हाताऱ्या बाईंना पायऱ्या—"

"आई. शपथ."

एदिल्मानं ओठ मिटले. पोर गेली. एदिल्मा तांदूळ निवडायला बसली. एकदा निवडले, पुन्हा ताटात पसरून दुसऱ्यांदा निवडले. आणि तिसऱ्यांदा पसरताना तिला एकदम आठवलं.

बदामाचं झाड!

त्रिनिदाद चौकाच्या मागं छोटा चौक आहे, तिथं साडेदहाला त्या झाडाखाली पाहुण्यांना बसवायचं, हा तिच्या रस्त्याचा कणा. ते झाड काल संध्याकाळी विजेच्या तारांसाठी माणसांनी येऊन बोडकं केलं होतं. फक्त खोड उरलं होतं. आणि हे पोरीला सांगायचं राहिलं. सत्तरीची दोन माणसं, थंड देशातली, साडेदहाचं ऊन आणि वर एक पान नाही. बाई चक्कर येऊन पडतील. भाऊ लेखी तक्रार देईल. आणि संध्याकाळी बस.

फोन करावा तर शब्द काढायचा नाही. लिहून पाठवावं तर पोर पाहुण्यांबरोबर असताना फोन बघत नाही, ते तिनंच शिकवलेलं. एदिल्मानं चपला पायात अडकवल्या. फोन वाजून घात करेल म्हणून तो तांदळाच्या डब्यावर ठेवला. लांबून नुसतं बघू, ती स्वतःला म्हणाली. बघायला कुठं आवाज लागतो?

आता आमच्या गेत्सेमानीची रीत अशी की दारं दिवसभर उघडी असतात आणि दारावरून जाणाऱ्यानं आत "ब्वेनास!", म्हणजे नमस्कार, अशी आरोळी द्यायची. आत कुणी दिसो न दिसो. आतून कुणीतरी "ब्वेनास, बाई!" म्हणतंच, एखादे वेळी न्हाणीतूनसुद्धा. भांडण असलं तरी ब्वेनास म्हणतात, फक्त जरा खालच्या पट्टीत. न बोलता कोण जातं? एक तर परका, नाही तर ज्याच्या घरी माणूस गेलंय आणि ज्याचं भान हरपलंय असा.

आणि एदिल्माची आरोळी म्हणजे तर गल्लीचं घड्याळ.

कोपऱ्यावर नेल्सी कढईत अंडं भरलेल्या मक्याच्या अरेपा तळत होती. नेल्सी यार्लेदिसची धर्ममाता. चर्चमध्ये पोरीला हातावर घेऊन उभी राहिलेली. "अगं एदिल्मा, पोर गेली का? घाबरली होती का गं?"

एदिल्मानं तोंडावर बोट ठेवलं, मान हलवली आणि झपझप पुढं गेली.

नेल्सीच्या हातातला झारा तसाच राहिला. एक अरेपा करपली.

पुढच्या सहा दारांवरून एदिल्मा खाली मान घालून गेली. आतून "ब्वेनास?" असे प्रश्न आले. उत्तर नाही. लोक दारात येऊन तिच्या पाठीकडं बघत राहिले. घामानं भिजलेला चेहरा, केस विस्कटलेले, फोन नाही, पिशवी नाही.

"एदिल्मा बोलली नाही," नेल्सीनं समोरच्या शिंपिणीला सांगितलं.

"रडत होती," शिंपीण म्हणाली.

"मला खूण केली, कुणाला सांगू नको म्हणून."

"अगंबाई. विल्फ्रिदो?"

"बोट!"

बातमी एदिल्माच्या पुढं निघाली. तिला काही सावली बघून जायचं नव्हतं, त्यामुळं ती लवकर पोचली.

एदिल्मा त्या छोट्या चौकात पोचली तेव्हा साडेदहाला पाच कमी होते. लपायला एकच जागा, ओविदियोचं न्हाव्याचं दुकान. ती आत शिरली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. ओविदियो एकटाच होता, वस्तऱ्याला धार लावत.

"एदिल्मा? काय झालं? कोण गेलं?"

तिनं मान हलवली. फळीवरचं वर्तमानपत्र ओढून त्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं: कुणी नाही. शपथ आहे. यार्ले येतेय. लपव.

ओविदियो तीस वर्षं लोकांचे चेहरे बदलत आला होता. त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. पांढरी चादर गळ्याभोवती बांधली, डोक्याला पंचा गुंडाळला आणि ब्रशानं गालांवर असा फेस चढवला की फक्त डोळे उरले. "दाढी पण करू का?" तो म्हणाला. "नाही, आलीच आहेस तर."

इतक्यात चौकात तिघं आली. पुढं यार्लेदिस, मागं छत्रीएवढी टोपी घातलेल्या ओर्तेन्सियाबाई आणि हात पाठीमागं बांधलेले आन्सेल्मो. यार्लेदिसनं बोडक्या झाडाकडं पाहिलं.

मग तिनं वळून नुकत्याच चौकात शिरलेल्या एलादियोच्या गोळ्याच्या गाडीची मोठी रंगीत छत्री बघितली, त्याच्याशी काहीतरी बोलली, दोघांनी मिळून गाडी भिंतीशी ढकलली आणि छत्री वाकडी करून बांधली. बघता बघता भिंत आणि छत्री यांच्यामध्ये गार सावलीची खोली तयार झाली. ओर्तेन्सियाबाई पायरीवर टेकल्या. हातात चिंचेचा गोळा आला. आन्सेल्मोंनीही एक घेतला, आधी वास घेऊन.

एदिल्माच्या तोंडाशी फेसाचा एक बुडबुडा फुटला. हे आपल्याला कधी सुचलं नव्हतं. सावली नसली तर सावलीकडं जायचं, एवढंच आपल्याला माहीत. पोरीनं सावलीच ढकलत आणली.

आता निघावं, ती मनात म्हणाली. मागच्या दारानं, गुपचूप. ती उठणार एवढ्यात एलादियोनं यार्लेदिसच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा अगदी हळू बोलत होता, पण तो हळू बोलला तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जातं.

"पोरी, धीर धर हं. समुद्राचं काही सांगता येत नाही. तुझा बाप फार चांगला माणूस होता."

यार्लेदिसच्या हातातला गोळा खाली पडला.

"होता? म्हणजे?"

"तुला नाही कळलं? तुझी आई गल्लीतून ब्वेनास न म्हणता गेली. सात दारं! नेल्सीचा फोन आला मला."

यार्लेदिसनं घरी फोन लावला. तो तांदळाच्या डब्यावर वाजत राहिला. बोटीवर लावला, तर तो लागेचना. तिचा चेहरा असा उतरला की एदिल्मा खुर्चीतून अर्धी उठली. ओविदियोनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "शपथ तुझी, पण दुकान माझं. फेस घेऊन बाहेर गेलीस तर लोक म्हणतील एदिल्माला वेड लागलं. मग तर पक्कंच की विल्फ्रिदो गेला."

झालं सगळं, एदिल्माला वाटलं. ज्याच्या भीतीनं घरून निघाले ते मीच करून ठेवलं. पोरीनं ऊन जिंकलं होतं आणि आईनं बुडवलं. करडा स्वेटर तिच्या डोळ्यांपुढं बाह्या पसरून उभा राहिला.

"काय अडचण आहे?" आन्सेल्मो विचारत होते. आवाज तपासनिसाचाच.

यार्लेदिसनं डोळे पुसले आणि खरं ते सांगितलं. की आमच्याकडं दारावरून न बोलता कुणी जात नाही. की आज आई तशीच गेली. की तिला शोधायला हवं, म्हणून आजचं फिरणं इथंच थांबवावं लागेल, मी ग्रिसेल्दाबाईंना सांगते, चूक माझी.

"म्हणजे," आन्सेल्मो म्हणाले, "एका बाईनं नमस्कार केला नाही, म्हणून एक बोट बुडाली?"

"हो, साहेब."

"आमच्या इमारतीत मी अकरा वर्षं राहतो. मी मेलो तर वास येईपर्यंत कुणाला कळणार नाही." त्यांनी गोळ्याचा शेवटचा घोट घेतला. "चला. कुठून सुरुवात करायची?"

"आन्सेल्मो!" ओर्तेन्सियाबाई उठल्याच होत्या. "दारोदार जायचं. मी डावी बाजू घेते."

आणि मग त्या चौकात जे झालं ते एदिल्मानं फेसाआडून, चादरीत हात दाबून ऐकलं. दर दारात तिचं नाव. फुलं विकणारी सांगत होती, "तिच्या आईनं माझ्या लग्नाची चादर धुतली होती हो, आणि एदिल्मानं ती डोक्यावरून आणताना आंब्याच्या रसात पाडली." लाकूडकामवाला सांगत होता, "एकदा एका पाहुण्याला ऊन लागलं, तर हिनं त्याला माझ्या नव्या शवपेटीत झोपवलं. आतून गार असते ना! तो जागा झाला आणि किंचाळला." ओर्तेन्सियाबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. कुणी त्यांना पेरू दिला, कुणी आपल्या अंगणातली विहीर दाखवली, कुणी मेलेल्या नवऱ्याचा फोटो. यार्लेदिसला आता काही सांगावंच लागत नव्हतं. ती दारात "ब्वेनास!" म्हणायची आणि आतून घर स्वतःच बोलायला लागायचं. पोरीची आरोळी हुबेहूब आपल्यासारखी आहे, हे एदिल्माला आज पहिल्यांदा कळलं.

आन्सेल्मो मात्र थकले आणि सरळ ओविदियोच्या दुकानात शिरून पंख्याखालच्या खुर्चीत बसले. शेजारच्या फेसाळ गिऱ्हाइकाकडं बघून म्हणाले, "तुम्ही ओळखता का हो या एदिल्माबाईंना?"

गिऱ्हाइकानं मान हलवली. होकार की नकार, कळेना.

"मुलगी हुशार आहे," आन्सेल्मो पुढं म्हणाले. "साल फार सांगत नाही. मला साल सांगणाऱ्यांचा कंटाळा आहे. सालं मी पुस्तकात वाचतो. पण आईसाठी फार काळजीत आहे बिचारी. आई वेंधळी दिसते."

चादरीखाली काहीतरी हललं. ओविदियो खोकला.

"ब्वेनास!" दारात यार्लेदिस. "ओविदियोकाका, आई इकडं—" ती थांबली. तिची नजर खाली गेली. चादरीखालून दोन पावलं दिसत होती आणि उजव्या चपलेचा अंगठा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला होता. तो तिनंच परवा शिवला होता.

"आई."

फेस गप्प.

"आई, बाबा ठीक आहेत?"

फेसानं जोरजोरात होकार दिला.

"मग बोल ना!"

फेसानं नकार दिला. एक हात चादरीतून बाहेर आला, वर्तमानपत्राच्या कडेवरचा शब्द बोटानं दाखवला. शपथ.

यार्लेदिस आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करू लागली. ओर्तेन्सियाबाई, फुलवाली, एलादियो, लाकूडकामवाला, सगळे दारात गोळा झाले. नेल्सी कढई विझवून धापा टाकत आली होती. "मेले! काळीज थांबलं असतं माझं!" ती ओरडली. "सात अरेपा करपल्या माझ्या! सात!"

"मी नाही जात बोगोताला आज," यार्लेदिस म्हणाली. "सोडली शपथ. बोल आता."

एदिल्मानं पंच्यानं तोंड पुसलं. सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. सांगायला पुष्कळ होतं, बदामाचं झाड, तांदूळ, छत्री. पण आधी राहिलेलं काम.

"ब्वेनास," ती म्हणाली.

"ब्वेनास, बाई!" अख्ख्या दुकानानं उत्तर दिलं. आन्सेल्मोही म्हणाले, जरा उशिरा, पण म्हणाले.

दुपारी विल्फ्रिदोचा फोन लागला. "एदिल्मा, मी मेलो का गं? मला चार जणांनी सांत्वनाचे निरोप पाठवलेत. एकानं तर माझं डॉमिनोचं टेबल मागितलंय." एदिल्मानं त्याला सगळं सांगितलं, वीस मिनिटं, मध्ये श्वास न घेता. सकाळपासूनचं साठलेलं होतं ना.

त्यानंतर ग्रिसेल्दाबाईंचा. यार्लेदिसनं ऐकून घेतलं, "हो... हो... नाही, तसं रोज नसतं... बरं, विचारते" असं म्हणून फोन छातीशी धरला.

"काय गं? तक्रार?" एदिल्मानं विचारलं.

"म्हाताऱ्यानं हॉटेलच्या वहीत दीड पान लिहिलंय. चार दिवस माझे." पोर ओठ चावून हसू दाबत होती. "पण उद्याच्या पाहुण्यांनी ते पान वाचलं. त्यांना तेच फिरणं हवंय. आई शोधण्यासकट."

एदिल्मा खुर्चीत बसली. मनात सावल्यांचा हिशोब करून म्हणाली, "उद्या शुक्रवार. ओविदियोकडं शुक्रवारी गर्दी असते. सव्वादहाला लाकूडकामवाल्याकडं सावली बरी असते. आणि शवपेटी गार—"

"आई!"

"बरं, बरं. फुलवालीकडं."

"आणि जाताना प्रत्येक दारात ब्वेनास म्हणायचं. मोठ्यानं."

"मग लपणं कसलं?"

"म्हणूनच," यार्लेदिस म्हणाली. "पुन्हा बाबांची बोट बुडायला नको."

संध्याकाळी दाराबाहेर खुर्च्या मांडल्या गेल्या तेव्हा एदिल्मा आत जाऊन खिळ्यावरचा स्वेटर काढून घेऊन आली. एलादियो गाडी ढकलत घरी निघाला होता. त्याच्या बर्फाच्या लादीवरचं पोतं फाटून चिंध्या झाल्या होत्या आणि पाण्याची धार रस्ताभर त्याच्या मागं येत होती. एदिल्मानं यार्लेदिसकडं बघितलं. पोरीनं खांदे उडवले. मग एदिल्मानं तो करडा स्वेटर लादीला घातला, दोन्ही बाह्या खालून घेऊन पोटाशी घट्ट गाठ मारली.

"कुणाचा आहे गं हा?" एलादियोनं विचारलं.

"थंडीसाठीच विणलाय, काका," ती म्हणाली. "आता तिथंच शोभतो."